कात्रीताईंचा पांढरा घोडा

कात्रीताई हे नाव त्यांना पार्लरमधल्या गिऱ्हाइकांनी दिलं. हातात कात्री असायची म्हणून म्हणा, नाहीतर जीभही तशीच चालायची म्हणून म्हणा! केसांना रंग लावला की तो मुरेपर्यंत बायका करणार काय? मग ताई हातमोजे उतरवत, ड्रॉवरमधून भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते काढत आणि म्हणत, "हं, ओढा एक."

पत्ते मामेबहिणीने प्रवासातून आणून दिलेले. सोबत अर्थ सांगणारी पुस्तिका होती, ती पहिल्याच दिवशी रंगाच्या वाटीत पडली आणि काळीठिक्कर झाली. झालं! ताईंनी मग चित्रंच बघायला घेतली. चित्रातला माणूस कुठे बघतोय, त्याच्या पायाशी काय आहे, पाठीमागे आभाळ कसं आहे. आणि एक पद्धत पाडली: अर्थ आपण आधी सांगायचाच नाही. "तुम्हाला काय दिसतं ते सांगा," एवढंच विचारायचं.

एकदा पोस्टातल्या बाईंनी 'वेडा' नावाचा पत्ता ओढला. नोकरी सोडू की नको, असं त्यांचं चाललं होतं. "अगं बाई, हा कड्यावरून पडणार!" त्या ओरडल्या.

"कडा दिसला. कुत्रं दिसलं का? हातातलं फूल? खांद्यावरचं गाठोडं?"

बाई निरखून बघत म्हणाल्या, "गाठोडं एवढंसंच आहे हो."

"आणि तुमचं?"

"माझं? कपाटंच्या कपाटं!" म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. ताईंचं म्हणणं असं, की पत्ता तोच असतो, पण ज्याच्या मनात जे असतं ते त्याला आधी दिसतं. कोणाला कडा, कोणाला कुत्रं. 'मृत्यू'चा, म्हणजे सापळ्याच्या चित्राचा, पत्ता आला की बायकांची पाचावर धारण बसायची, तेव्हा ताई हसून म्हणायच्या, "अहो, त्याच्या मागे सूर्य उगवतोय, तो बघा की!"

नियम मात्र एक होता. स्वतःसाठी पत्ता ओढायचा नाही. आपल्या मानेमागचे केस आपल्याला नीट कापता येतात का? मग!

हा नियम शेजारच्या चष्मेवाल्यांनी मोडायला लावला. चष्मेवाले म्हणजे सहा फूट उंच आणि नुसती हाडं. फुंकर मारली तर उडतील असे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. परवा ताईंना नवा चष्मा लावून बघताना ते एकदम म्हणाले, "मुलगा त्याच्या गावी बोलावतोय. दुकान बंद करून जाईन. पण तुम्ही हो म्हणालात, तर इथेच राहू. दोघं मिळून." आणि स्वतःच इतके घाबरले, की चष्मा ताईंना उलटा लावला. आज संध्याकाळी मुलाला फोन करायचा होता. म्हणजे उत्तर आजच!

हो म्हणायला ताईंची जीभ शिवशिवत होती. पण घरी सासूबाई! नवरा गेल्यावर एकमेकींना धरून राहिलेल्या त्या दोघी. सासूबाई रोज पार्लरच्या कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालत आणि पत्त्यांना 'पोरखेळ' म्हणत. त्यांना हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

शेवटी पोस्टातल्या बाईंच्या डोक्याला रंग फासून झाल्यावर ताईंनी पाठ फिरवली आणि हातमोजे न उतरवताच गुपचूप एक पत्ता ओढला. मृत्यू! सूर्य? कुठला सूर्य! लोका सांगे ब्रह्मज्ञान! ताईंना फक्त ती कवटी दिसली. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय गं झालं?" सासूबाई टॉवेल टाकून आल्या. "दे इकडे तो पत्ता."

ताईंनी दिला. सवयीचंच तोंडातून निघालं, "आई, तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

सासूबाईंनी पत्ता उजेडाकडे धरला. "घोडा दिसतो. छान पांढराशुभ्र. वर निशाण, त्यावर फूल. एक पोर पुढे येऊन स्वागत करतंय. हा सोनेरी झग्यातला म्हातारा हात जोडून उभा. अगं, हे तर लग्न दिसतंय!"

पोस्टातल्या बाई खुर्चीत वळून बघायला लागल्या.

"नवरदेव जरा वाळलाय," सासूबाई पत्ता डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या. "नुसता सापळा. थांब, हा तर शेजारचा चष्मेवाला!"

ताईंचे गाल लालबुंद.

"मी काय आंधळी आहे? तीन वर्षांत तू चार चष्मे केलेस, आणि नंबर एकदाही बदलला नाही!" मग त्यांचं बोट घोड्याच्या पायाशी आडव्या पडलेल्या राजावर थांबलं. आवाज जरा खाली आला. "हा माझा लेक. त्याला पडून किती वर्षं झाली गं. आता घोड्याने किती दिवस त्याच्यापाशी थांबायचं?"

"आई, त्यांना आजच उत्तर द्यायचंय!" म्हणत ताईंनी सासूबाईंना अशी घट्ट मिठी मारली, की जुन्या पातळावर काळ्या रंगाचे दोन पंजे उमटले. "राहू दे ते," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आधी त्याच्याकडे जा! मी इथेच राहणार, नि जेवायला तुमच्याबरोबर बसणार, हेही सांग त्याला!"

"आणि माझे केस?" पोस्टातल्या बाई किंचाळल्या.

"मी धुते," सासूबाई म्हणाल्या. ते ऐकून बाई आणखीच किंचाळल्या.

ताई हातमोजे तसेच घालून धावल्या. चष्मेवाले काउंटरमागे फोन हातात घेऊन बसले होते, चेहरा एवढासा झालेला.

"अहो," ताई धापा टाकत म्हणाल्या, "घोड्यावर बसता येतं का तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी फोन हळूच खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले, "पण लगाम तुम्ही धरणार असाल, तर आत्ता बसतो."