हॉल्टवरचं एकमेव तिकीट
ट्रंकेच्या तळाशी जाड पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं आणि रहिमतपूरच्या अलीकडचा आमचा बंद पडलेला रेल्वेचा छोटा हॉल्ट डोळ्यांपुढे आला. तापलेली खडी, बाभळीची विरळ सावली आणि कमिशनवर तिकिटं विकणारा एकटा माणूस. आम्ही अख्खी भावकी लोणंदच्या बाजाराला निघालो होतो. तो प्रत्येकापुढं हात जोडत होता, "आवं, तिकिटं काडा, न्हाईतर हॉल्ट बंद करत्यात." वडील म्हणाले, "आपल्या गावच्या गाडीला कसलं तिकीट रं?" सगळे हसत डब्यात चढले, मीही हसलो. त्यानं पदरच्या पैशानं एक तिकीट माझ्या मुठीत कोंबलं. वर्षभरात गाडी थांबायची बंद झाली. परवा गावानं हॉल्ट पुन्हा सुरू करा म्हणून रेल्वेकडे अर्ज केलाय. 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्याखाली पहिली सही माझी आहे.