जागं ठेवणाऱ्या दोन गोळ्या

झोपेच्या बाबतीत माझ्या साडभाऊंइतका निःपक्षपाती माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा मोठा जिल्हा धरला तरी झाला नसावा. आपण झोपेला अटी घालतो. उशी पाहिजे, पंखा पाहिजे, शेजारचा टीव्ही बंद पाहिजे. साडभाऊंची कसलीच अट नव्हती. तहसीलच्या रांगेत उभ्याउभ्या, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरपुढे, तोंड उघडं ठेवून, ते झोपलेले आहेत. डॉक्टर म्हणाला, इतका शांत पेशंट मी पाहिला नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आसगावचे, नोकरी लाखनीजवळच्या एका खेड्यात गणिताच्या मास्तराची. माझं लाखनीला हायवेला लागून औषधांचं दुकान आहे. शाळा सुटली की ते माझ्याकडे येऊन बसायचे, आणि बसले की झोपायचे. हायवेमुळे ट्रकवाले दुकानात येऊन झोप उडवायची गोळी मागत. मी चिठ्ठीशिवाय देत नसे, मग हुज्जत होई. अशाच एका हुज्जतीत एका ड्रायव्हरने खुर्चीत मान टाकून पडलेल्या साडभाऊंकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "भाईसाब, मेरी छोडो, पहले इनको दो."

त्यांच्या लग्नाची गोष्ट मला बायकोकडून कळली. माझी सासुरवाडी कारध्याची. तिथल्या विहारापुढच्या मांडवात लग्न होतं, पाहुण्यांची भाषणं लांबली होती आणि हातात हार घेतलेला नवरदेव उभ्याउभ्या पेंगत होता. भाषण संपून टाळ्या वाजल्या तसे ते दचकून जागे झाले, आणि समोर जो पहिला माणूस दिसला त्याच्या गळ्यात त्यांनी हार घातला. तो भाषण करणारा पाहुणा होता. नवरी पलीकडे उभी. पाहुणा मात्र इतका भारावला, की त्याने आणखी एक भाषण केलं.

पुढे त्याच विहारात बुद्धपौर्णिमेला ध्यान झालं. सगळ्यांनी डोळे मिटले, वेळ संपली, सगळ्यांनी उघडले, साडभाऊ तसेच. पाठ ताठ, चेहऱ्यावर अशी शांती की भन्तेजी हलक्या आवाजात म्हणाले, "पाहा, एकाग्रता अशी असावी." बायामाणसांनी हात जोडले. तेवढ्यात घोरणं सुरू झालं. आमच्या ताईने (म्हणजे साडभाऊंच्या सौभाग्यवतीने) पदर तोंडावर घेतला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

ताईचं म्हणाल तर तिच्यासारखी धीराची बाई नाही. साडभाऊंनी मोपेड चालवणं आपण होऊन सोडलं, कारण एकदा ते मोपेडसकट एका बांधीत, म्हणजे धानाच्या पाणी भरलेल्या वावरात, जाऊन जागे झाले. मग ताईने स्कूटी शिकून घेतली. रोज सकाळी ती त्यांना शाळेत सोडायला निघे. ते मागे बसत, आणि पडू नयेत म्हणून तिच्या ओढणीने तिच्या कमरेला बांधलेले असत. अख्खी लाखनी हे पाहत होती. कोणी हसलं की ताई स्कूटी न थांबवता म्हणे, "माया नवरा हाये, मी बांधीन नाई त का करीन!"

वर्गात तर आणखी गंमत. झोपले म्हणून त्यांचा खडू थांबत नसे. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता डोळा लागे आणि हात आपला लिहीतच राही. एकदा त्यांनी 'एका टाकीत दोन नळ आहेत' असं सुरू करून पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'त्यातला एक नळ मामाच्या गावाला गेला, म्हैस पोहत आहे, म्हणून उत्तर दीड.' पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. एका मुलीने तर घरी जाऊन बापाला विचारलं, की म्हशीचं उत्तर दीड कसं येतं?

आणि हसणं. साडभाऊंना मनापासून हसू आलं की त्यांचे गुडघे जात. शुद्ध हरपत नसे, सगळं ऐकू येई, पण पायातला जोर पाणी ओतून टाकावं तसा निघून जाई आणि ते जागीच खाली बसत. म्हणून ताई त्यांना विनोद सांगण्याआधी बसवून घेत असे. "बसा जरा, एक गंमत सांगते," असं म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जागे असले की ते तुलना करत. एखादी गोष्ट चांगली आहे एवढं म्हणून त्यांना थांबताच येत नसे. कशापेक्षा, हे सांगितल्याशिवाय गणित अपुरं राही. जिल्हा फुटला तेव्हा कोणाला किती तलाव गेले आणि कोणाकडे चांगले वांगे राहिले, याची वाटणी ते कित्येक वर्षं करत होते. भाजी कशी झाली असं ताईने विचारलं तर म्हणत, "कालच्यापेक्षा बरी, तुह्या बहिणीच्यापेक्षा थोडी कमी." त्या दिवशी माझ्या बायकोला अभिमान वाटे आणि साडभाऊंना माझ्याकडे जेवावं लागे.

हे सगळं हसत हसत चाललं असतं. पण एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर कुठल्याशा पाहुण्याने माइकवर विनोद केला, साडभाऊ हसले आणि भर मैदानात, मुलांसमोर, गुडघ्यावर कोसळले. उठायला गेले, पुन्हा बसले. जीभही जड झाली. मागून शाळेसमोरच्या पानठेलेवाल्याचा आवाज आला, "मास्तर सकायीसकायी टाकून आले काजी!"

ज्या माणसाने जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता, ज्याच्या बापाने दारूला शिवायचं नाही असं पोराकडून वचन घेतलं होतं, तो त्या दिवशी दारुडा ठरला. मग मागच्या सगळ्या गोष्टी त्या एका शब्दात नीट बसायला लागल्या. फळ्यावरची म्हैस बसली, बांधीतली मोपेड बसली, कमरेची ओढणीसुद्धा बसली. पानठेलेवाल्याची मुलगी त्यांच्याच वर्गात होती; म्हशीचा प्रश्न तिचाच. त्याने शाळेच्या समितीकडे तक्रार केली, की हा मास्तर हटवा. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत विषय लांबवला.

तक्रार झाली त्या संध्याकाळी साडभाऊ दुकानात आले आणि खुर्चीत बसूनही झोपले नाहीत. मला म्हणाले (तेही मला साडभाऊच म्हणत), "साडभाऊ, आळशी म्हणले त चालते मले. झोपाळू म्हणले तरी चालते. पण दारुडा काहून म्हनावं गा?" त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, भाऊजी, उद्या नागपूरला जाऊ.

नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्यावर गुडघे जातात हे ऐकताच त्या पुढे सरकून बसल्या. मग डोक्याला तारा लावून झोपेची तपासणी झाली. रात्रभर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी भर उजेडात पुन्हा पुन्हा झोपायला सांगितलं. प्रत्येक वेळी साडभाऊ दिवा मालवायच्या आत झोपी गेले. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "बीएडले मी सेकंड क्लास होतो. इथं पहिला आलो." डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. हा आळस नाही, व्यसन नाही, मेंदूतलं झोपेचं आणि जागेपणाचं दार नीट लागत नाही, एवढंच. ताईही बरोबर आली होती. आजाराला नाव आहे म्हटल्यावर ती तिथेच रडायला लागली. बाईंनी घाबरू नका म्हटलं, तर म्हणाली, "घाबरून नाई वो रडत मी."

पहिली गोळी मिळाली मोडाफिनिल. सकाळी घ्यायची. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, मग सवय झाली. साडभाऊ दुपारपर्यंत जागे राहू लागले. माझ्या दुकानात त्यांनी पहिल्यांदाच माझं पूर्ण वाक्य ऐकलं आणि म्हणाले, "तुमी एवढं बोलता हे मले मालूमच नोयतं." पण जेवणानंतर पुन्हा डोळे मिटत, आणि वर्ग तर दुपारीही असत. म्हणून बाईंनी ती बंद करून दुसरी दिली, मिथाइलफेनिडेट. लक्ष लागत नाही अशा मुलांनाही ही देतात. हिचे नियम कडक. माझ्या दुकानात ती ठेवायची परवानगी नव्हती. वेगळी चिठ्ठी घेऊन नागपूरहून आणावी लागे.

दुसऱ्या गोळीने साडभाऊ नुसते जागे झाले नाहीत, त्यांचं लक्ष लागायला लागलं. कशाकशात लागलं ते विचारू नका. वर्षभराच्या वह्या त्यांनी एका रविवारी तपासल्या. माझ्या दुकानातली औषधं रोगांप्रमाणे होती ती अक्षरांप्रमाणे लावली, आणि मला खोकल्याचं औषध सापडेना. ताईच्या स्वयंपाकघरातला एक डबा झाकणाशी जुळत नाही हे त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं आणि ते तिला सांगितलं. पण भूक गेली. छाती धडधडू लागली. अर्धी भाकर खाऊन ताट सरकवत. आणि गोळीचा जोर ओसरला की असे गळून जात की पाहवत नसे. ताईने शेवटी मलाच धरलं. "माणूस जागा झाला बाप्पा, पण जेवत नाई, हासत नाई. असा जागा माणूस घेऊन मी का करू?"

साडभाऊंना विचारलं तर त्यांची तुलना तयार होती. "पयली गोळी म्हणजे आमचे हेडमास्तर. हळू येतात, आवाज करत नाईत, पण दिवसभर शाळेत असतात. दुसरी म्हणजे तपासणीचे साहेब. धाडकन येतात, सारे उभे रायतात, आणि जेवणाच्या टायमाले गाडीत बसून गेले की शाळा आडवी."

"मग पाहिजे कोणती?"

"साहेबाले रोज कोण ठेवते जी घरी?"

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचंही मत तेच पडलं. पहिली गोळी परत आली. आता ती सकाळी एक आणि दुपारी थोडी, अशी विभागून. हसून पडू नयेत म्हणून आणखी एक बारीक गोळी. आणि एक गोष्ट चिठ्ठीवरच लिहून दिली: मधल्या सुटीत थोडा वेळ झोप.

मग समितीची बैठक आली. मी आणि ताई मागे बसलो होतो. मुख्याध्यापक बोलायला उठले, तर साडभाऊंनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः उभे राहिले. आजाराचं नाव त्यांनी फळ्यावर लिहिलं, जागेपणी. आपल्याला काय होतं, कधीपासून होतं, हे मुलांना समजवावं तसं समजवलं. शेवटी म्हणाले, "म्या दारू कधी घेतली नाई. पण झोपेत शिकवलं हे खरं हाये. लेकरायचं नुकसान झालं असल, त्याची माफी मागतो." पानठेलेवालाच खाली पाहत म्हणाला, "मास्तर, एक इचारू? म्हशीचं उत्तर दीड कसं आलं ते माया पोरीले अजून समजून नाई रायलं."

आधी मुख्याध्यापक हसले, मग सगळे. साडभाऊही हसले, पोट धरून हसले, आणि बारीक गोळी नवीनच असल्यामुळे त्यांचे गुडघे जाऊ लागले. ताई उठेपर्यंत पानठेलेवाला पुढे झाला होता. त्याने दोन्ही काखांत हात घालून त्यांना पेललं, खुर्ची पायाने ओढली, हलकेच बसवलं आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "बसा मास्तर. हासा, हासा. मी हाये ना."

त्यानंतर मधल्या सुटीत साडभाऊ प्रयोगशाळेतल्या बाकावर झोपत आणि बाहेर पोरं कबड्डीसुद्धा दम न घुमवता, ओठांतल्या ओठांत खेळत. ते याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाचं भाषण त्यांनी पूर्ण ऐकलं. लांबलं होतं, असं ते म्हणाले.

आता ते आसगावला घर बांधून राहतात. रविवारी ते गोळी घेत नाहीत. घराबाहेर पडायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही, या अटीवर डॉक्टरीणबाईंनी ती सूट दिली आहे. मला वाटलं, औषधांचा कंटाळा आला असेल. मागच्या रोवण्याच्या दिवसांत मी गेलो होतो. पडवीत बसलो होतो, समोर बांधीत बाया परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. मी विचारलं, भाऊजी, एक दिवस सोडून काय मिळतं?

बायांकडे पाहत त्यांनी सांगितलं. ते लहान असताना त्यांची आई गेली, तापाने. घरात तिचा एकही फोटो नाही. मजुरी करणाऱ्या बाईचा फोटो तेव्हा काढतो कोण. पण दिवसा डोळा लागता लागता, अर्धवट झोपेत, ती त्यांना दिसायची. चिखलाने भरलेले हात, डोक्यावर पदर, आणि बांधावरून हाक मारायची. वर्गात दिसायची, बसमध्ये दिसायची. गोळी सुरू झाली आणि ती यायची थांबली.

"गोळीनं मले लय देल्लं, साडभाऊ," ते म्हणाले. "इज्जत देल्ली. पण मायचा चेहरा जागेपणी आठवत नाई ना मले."

बोलता बोलताच त्यांचे डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. ताईने आत कुकर लावला होता. तिने दारातून एकदा पाहिलं, शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद केला आणि पायऱ्यांवर येऊन बसली. थोड्या वेळाने झोपेतच साडभाऊंनी हळू आवाजात "आलो, आलो" म्हटलं.