व्यंकटरावांचा तिसरा डोस

बोरीत व्यंकटरावांच्या शब्दाला वजन होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची हौसही भारी होती. मयत असो, लग्न असो, ग्रामसभा असो, घरटी एक माणूस जायचा आणि या घरातून तो मान कायम त्यांचाच. पत्नी कमलबाई मागाहून विचारायच्या, कोण कोण आलं होतं.

त्या जानेवारीत कोरोनाचा नवा प्रकार पसरायला लागला आणि साठीपुढच्या, जुने आजार असलेल्या माणसांना बूस्टर सुरू झाला. गावची आशा कार्यकर्ती सुकेशनी दोघांनाही बोलवायला आली. व्यंकटरावांना बीपी, कमलबाईंना शुगर. पहिले दोन डोस दोघांचेही झालेले. पण रानात तूर काढणीला आली होती आणि कमलबाईंना सुईची धास्तीही होती. व्यंकटराव एकटेच जाऊन टोचून घेऊन आले. सुकेशनीने बाईंचं विचारलं तर म्हणाले, "मी घेतला ना. आता आमच्या घरात काई शिरत न्हाई."

एकाच्या अंगातली लस दुसऱ्याच्या कामाला येत नाही, हे तिने परोपरीने समजावलं. पण घरच्या कारभाऱ्याला कोण सांगणार?

मग काय, गडी मोकळा सुटला. मानवत गावी एका लग्नात भर पंगतीत बसून आले. आल्यावर घसा खवखवला, चार शिंका आल्या. ते थंडीवर ढकलून मोकळे झाले. थोड्याच दिवसांत कमलबाईंना धाप लागली. तपासणीत दोघंही पॉझिटिव्ह निघाले आणि परभणीच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर पडले.

डॉक्टर रागावले नाहीत. हा नवा प्रकार बूस्टर घेतलेल्यालाही गाठतो, त्याच्याकडून घरच्यांनाही होतो, एवढंच म्हणाले. पण बूस्टर घेतलेल्याच्या सहसा जिवावर बेतत नाही. बाईंच्या जुन्या डोसांचा जोर ओसरला होता, त्यात शुगर. व्यंकटरावांना कळून चुकलं. आजार आपणच घरात आणला, हे तिला सांगायला हवं होतं. त्यांनी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी कमलबाईंनी ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला केला. त्यांच्या डोळ्यांत नवऱ्याचं कौतुक होतं.

"तुमी घेतला ते बरं झालं बगा. तुमाला धाप बी लागली न्हाई. घरी गेल्यावर मी बी घेते."

"घे. मी येतो संगं," व्यंकटराव म्हणाले.

बाकीचं सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पहाटे कमलबाई गेल्या.