येतानाची थरथर

रऊफभाई गेल्याचं मला एका प्रश्नातून कळलं. सहा आठवड्यांपूर्वी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मी ज्या दैनिकातून निवृत्त झालो तिथल्या जिल्हा पानावरच्या सहकाऱ्याचा फोन आला. "कारंज्याच्या रऊफ मिस्त्रींची निधनवार्ता आली आहे. वय दिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल." मला माहीत नव्हतं. ओळख पंचवीस वर्षांची होती, आणि एकदा मी त्यांना सरळ विचारलंही होतं. त्यांचं उत्तर असं, की आसेगावच्या त्यांच्या वाड्यातल्या विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी ते जन्मले, आणि विहीर कधी खोदली हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मी सहकाऱ्याला वय सोडून बातमी घ्यायला सांगितलं. झोपेतच गेले, दुपारी दफनविधी. चार ओळी झाल्या. हा लेख त्या चार ओळींत न मावलेल्या एका आठवड्याबद्दल आहे.

कारंज्यात मोटारी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. रऊफभाईंचं वेगळेपण एवढंच, की ते बॉनेट उघडायच्या आधी माणसाला उघडायचे. गाडी दुकानासमोर लागली की ते खुर्ची पुढे करायचे, खडू घ्यायचे आणि गाडीवाला जे सांगेल ते लोखंडी शटरच्या आतल्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहायचे. 'ओढते'. 'ठोकते'. 'हालते'. 'थरथरते'. एखादा म्हणाला, "गाडी बरोबर चालून नाही राह्यली," तर त्याला पुन्हा बसवायचे. "बरोबर नाही म्हंजे काय? सून सासूले सांगते तसं सांगू नको. काय करते ते सांग." बाकावर बसलेले हसायचे, गाडीवाला चिडायचा, आणि मग नीट सांगायचा. मी बातमीदारीत कितीतरी वर्षं घालवली होती. पण साक्षीदाराला स्वतःचा शब्द शोधायला लावणारा एवढा चिवट माणूस मला कोणत्याही कार्यालयात भेटला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी पत्नी सुमन हिच्यावर अमरावतीला रेडिएशनचे उपचार सुरू झाले. शस्त्रक्रिया आधी झाली होती. आता आठवड्याचे पाच दिवस असे तीस वेळा जायचं होतं, आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचं घर कारंज्याबाहेर शेतात आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीची पांदण, पुढे थेट अमरावतीचा रस्ता. सकाळी निघायचं, दुपारी परत. चौथ्या दिवशी परतताना गाडीचं स्टेअरिंग हातात थरथरू लागलं. वेग सत्तरच्या वर गेला की सुरू, नव्वदच्या आसपास थोडं कमी. पाचव्या दिवशी पुन्हा. कारंज्यातल्याच एका टायरच्या दुकानात मी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, म्हणजे चाक सगळीकडून सारख्या वजनाचं आहे की नाही हे यंत्रावर तपासून घेतलं. सोमवारी येताना थरथर होतीच. मग गाडी रऊफभाईंकडे नेली.

त्यांनी मला बसवलं. कधीपासून, किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर वाढते का, नुसतं स्टेअरिंग हलतं की बसायची सीटसुद्धा. मी टिपणवहीत लिहून नेलेली उत्तरं वाचून दाखवली. ते खूश झाले. "पेपरवाल्याचं एक बरं असते, सारं लिहून आणते." सीट हलत नाही म्हणजे दोष पुढच्या चाकांत, असं त्यांनी सांगितलं. पुढची चाकं काढली, बेअरिंग पाहिलं, स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहिले, टायरवर फुगवटा आहे का ते हात फिरवून बघितलं. एक सांधा किंचित ढिला होता, तो बदलला. मग स्वतः गाडी घेऊन अमरावती रस्त्यावर दहा किलोमीटर गेले आणि परत आले. "लोण्यासारखी चालते. भाबीले सांगा, डोये मिटून बसा."

दुसऱ्या दिवशी सुमन डोळे मिटून बसली. येताना बडनेरा मागे पडलं, वेग वाढला आणि स्टेअरिंग आधीपेक्षा जास्त थरथरलं. समोरून ट्रक येत होता. मी गाडी कडेला घेतली.  घरी पोचल्यावर सुमनने पायरीवर बसूनच सांगितलं, "मी उद्यापासून येत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"नाही विसरली. त्या मशीनखाली मी निजतो, मले कोनी इचारत नाही. अंग माह्यं राह्यलं नाही. आता रस्त्यानं जीव मुठीत घेऊन बसू काय? बिमारी मारते का हे गाडी, तेवढंच पाह्यचं राह्यलं आता."

एसटीने जायची तिची ताकद नव्हती. भाड्याची गाडी मी सुचवली, तर म्हणाली, अनोळखी माणसासमोर वाटेत ओकाऱ्या काढायला तिला जमणार नाही. सात फेऱ्या झाल्या होत्या, तेवीस बाकी होत्या... मी रऊफभाईंना फोन करून एवढंच सांगितलं, की गाडी हलली आणि सुमन यायला नाही म्हणते.

अर्ध्या तासात ते मोटारसायकलवर हजर झाले. माझी टिपणवही मी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. सुमनसमोर अंगणातल्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "भाबी, मी चुकलो. काल दुकानात चार जणांसमोर छाती ठोकली, आज त्याइच्याच समोर सांगून आलो. आता तुमी सांगा. यायनं सांगितलं ते लिहिलेलं होतं. तुमी बसलेल्या हाय."

 सुमन म्हणाली, "जाताना नाही होत."

"म्हंजे?"

"जाताना चांगली जाते. येतानाच थरथरते. पयल्यांदा थरथरली तवापासून. मी यायले सांगितलं होतं."

ते खरं होतं. तिने सांगितलं होतं, दोनदा. मी ते वहीत घेतलं नव्हतं. उपचारानंतर ती थकलेली असते, म्हणून तिला परतीचा प्रवास जास्त जाणवतो, असा निष्कर्ष मी परस्पर काढला होता. आणि मी स्वतः? माझ्याच नोंदींत प्रत्येक वेळ दुपारची होती. कोणत्याही नव्या बातमीदाराची मी ज्या चुकीसाठी कानउघाडणी केली असती, ती मी घरात केली. रऊफभाई माझ्याकडे वळले. "साहेब, पेपरात बी असंच करत होते काय?" सुमनला हसू आलं, ते तिने पदराने झाकलं.

मग त्यांनी विचारलं, गाडी रोज कोणकोणत्या वाटेने जाते, अमरावतीला किती वेळ उभी असते, उन्हात की सावलीत, घरी आल्यावर तिचं काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी थोड्या अभिमानाने दिलं. पांदणीतून आली की ती चिखलाने भरते, आणि डॉक्टरांनी स्वच्छता पाळायला सांगितली आहे. म्हणून रोज बोअरच्या पाइपने चारही चाकांसकट धुतो. "आन माह्या दुकानात आनली तवा?" तेव्हाही धुऊनच. मिस्त्रीकडे घाण गाडी कशी न्यायची?

रऊफभाईंनी कपाळाला हात लावला. "दवाखान्यात जाताना तुमी ताप घरी ठेवून जाता काय?"

अंदाज त्यांना तिथेच आला असावा, पण ते बोलले नाहीत. एकदा छाती ठोकून झाली होती. "भाबी, उद्या मी मांगच्या सीटवर बसतो. तुमच्यासंग येतो, तुमच्यासंग वापस येतो. रस्त्यात तुमी म्हनान तिथं गाडी उभी करायची. हाललीच तर मी तिथंच खाली उतरतो." सुमन तयार झाली, एका दिवसापुरती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. जाताना गाडी नीट गेली. आम्ही आत होतो तेवढा वेळ, साधारण तीन तास, ते गाडीजवळ थांबले. येताना अमरावती मागे पडलं, वेग पंचाहत्तर झाला आणि थरथर सुरू झाली. सुमनने दाराची मूठ धरली. मागून आवाज आला, "आता हळूहळू बाजूले घ्या. घाबरू नका भाबी, मले हेच पायजे होतं." ते उतरले, शबनम पिशवीतून खुरपं काढलं, रस्त्याच्या कडेला सरळ आडवे झाले आणि पुढच्या डाव्या चाकामागे खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात रिमच्या आतल्या गोलाईचा ठसा घेतलेला वाळक्या मातीचा तुकडा होता, भाकरीच्या चतकोराएवढा आणि विटेसारखा कडक. दुसऱ्या चाकातूनही तसाच निघाला. सकाळी पांदणीतली ओली काळी माती चाकाच्या आत बसायची. चालत्या गाडीत ती सारखी पसरलेली असायची. अमरावतीच्या उन्हात गाडी उभी राहिली की ती ओघळून खाली एका जागी जमायची आणि तिथेच वाळायची. परतताना चाक एका अंगाला जड. संध्याकाळी मी ते धुऊन टाकायचो, आणि मिस्त्रीला निर्दोष गाडी दाखवायचो.

"भाबी, हा पाहा गोळा," म्हणत त्यांनी तो खिडकीतून पुढे केला, आणि शब्द बोलून गेल्यावर हात अर्धा मागे घेतला. ज्या आजारासाठी आम्ही जात होतो त्याची सुरुवातही त्याच शब्दाने झाली होती; हाताला लागलेल्या गाठीला सुमनने आधी 'गोळा'च म्हटलं होतं. सुमनने तो तुकडा हातात घेतला, उलटून पाहिला आणि रस्त्याकडेला फेकला.

"निघाला ना? मंग चाला."

तिथून कारंज्यापर्यंत स्टेअरिंग हललं नाही. रऊफभाई दुकानासमोर उतरले आणि त्यांनी खुरपं सुमनकडे दिलं, माझ्याकडे नाही. पांदण संपून डांबरी रस्ता लागला की गाडी थांबवायची, चारही चाकांमागून हात फिरवायचा, माती असेल तर खरवडायची. "यायच्यावर सोडू नका. हे वहीत लिहितीन."

बाकीच्या बावीस फेऱ्या पूर्ण झाल्या. एकही चुकली नाही. पांदण संपली की सुमन उतरायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, तू बस, मी पाहतो. तिने ऐकलं नाही. काही दिवस तिला वाकता येत नव्हतं, तेव्हा ती खाली बसून हात घालायची. तपासण्यांचे अहवाल डॉक्टर वाचायचे, मशीन कोणी दुसरं चालवायचं, तारखा कोणी दुसरं ठरवायचं. चाकं ती स्वतः तपासायची. आता तिची तपासणी सहा महिन्यांतून एकदा असते, आणि अजूनपर्यंत सगळं ठीक आहे.

रऊफभाई आजूबाजूला हुशार मिस्त्री म्हणून आठवले जातील. त्यांचं कसब मोठं होतंच. पण माझी नोंद वेगळी आहे. चूक झाली तेव्हा त्यांनी ती यंत्रावर, रस्त्यावर किंवा गाडीवाल्यावर ढकलली नाही. ज्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं, त्याच्यासमोर जाऊन ते बसले.

त्यांच्या दफनाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं कारंज्याला निघालो. मी दफनविधीला जाणार होतो, सुमन त्यांच्या घरी बायकांत बसणार होती. एप्रिलचं ऊन होतं, पांदणीत धुळीशिवाय काही नव्हतं, आणि आम्हाला उशीर झाला होता. डांबरी रस्ता लागला तशी सुमन म्हणाली, "थांबवा." मी घड्याळ दाखवलं. ती उतरली होती. एकेका चाकापाशी बसत तिने चारही चाकांमागे हात घातला, कोपरापर्यंत, सावकाश. मग हात झटकून येऊन बसली आणि दार लावून घेतलं.

"काही नाही. चाला."