गोत्र काय सांगू?

मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावरचा पेपर अभ्यासक्रमात आला, तेव्हा विभागात कुणालाच तो नको होता. ‘मॅडम, हा तर तुमचाच विषय,’ असं म्हणत सगळ्यांनी तो हसत हसत माझ्या गळ्यात मारला. मी राखीव जागेवर लागले होते, हे त्यांना पाठ होतं. गुलामांच्या जहाजांबद्दल मला त्यांच्याहून जास्त काय ठाऊक असणार होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. निवृत्त होईपर्यंत तो पेपर माझ्याच बोकांडी राहिला.

पोरं मन लावून ऐकायची. बसमध्ये मागच्या सीटवर बसवल्या जाणाऱ्या माणसांसाठी हळहळायची. त्याच माणसांनी पुढं पायपीट करून बस रिकाम्या धावायला लावल्या, हे सांगितलं की खूश व्हायची. तास संपला की आपापल्या जातीच्या घोळक्यात चहाला जायची. पहिली काही वर्षं मी यावर चिडायचे. नंतर सोडून दिलं. रोज रोज रक्त कोण आटवणार?

एका भागाला मात्र वर्ग चिडीचूप व्हायचा. काही काळ्या घरांत उजळ रंगाची मुलं जन्मायची. त्यातली काही दूरच्या शहरात जाऊन गोरी म्हणून राहायची, गोऱ्यांत लग्नं करायची आणि आईवडिलांनाही ओळख दाखवायची नाहीत. करमाडच्या एका मुलीनं एकदा विचारलं, लढणारे लोक अशांना काय म्हणायचे? मी सांगितलं, काही जण फितूर म्हणायचे, आणि पुष्कळ जण गप्प राहून त्यांचं गुपित सांभाळायचे.

आमचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी त्यानं तिथं घर घेतलं आणि सत्यनारायण ठेवला. आमच्या बौद्ध घरात हे कधी झालेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, इथल्या मराठी लोकांत पहिल्याच भेटीत आडनाव विचारतात, मग गाव, मग घरात देव कोणते ते. एकदा कळलं की बोलावणी हळूहळू थांबतात आणि लेकराला खेळायला घरं उरत नाहीत. आडनावानं तो आजवर सुटत आला होता. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळाल्यावर माझ्या सासऱ्यांनी जुनं आडनाव टाकून गावावरून नवं लावलं होतं. ‘आई, मी थकलोय गं,’ तो म्हणाला. मीही थकलेलीच होते.

पूजा तिथल्या शनिवारी संध्याकाळी होती, म्हणजे आपल्याकडं रविवारी सकाळी. बजाजनगरच्या आमच्या घरात हे मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. मुलगा बाथरूमला कडी लावून कुजबुजत होता. भटजींनी संकल्पाला गोत्र विचारलं, आणि ‘घरी विचारून येतो’ म्हणून तो पाटावरून उठला होता. सूनही आमच्यातलीच, तिलाही ठाऊक नव्हतं. बाहेर पाहुणे वाट बघत होते.

‘आई, पटकन सांग. गोत्र काय सांगू?’

सांगावंसं वाटलं, पूजा थांबव, सगळ्यांना खरं काय ते सांगून टाक. पण त्यानंतर तिथं एकटा तो पडणार होता, मी नाही. मी फोनवर हात ठेवून ह्यांना त्याचा प्रश्न सांगितला.

ह्यांनी हात पुसले आणि फोन घेतला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. नामांतरासाठी पाठीवर लाठ्या खाल्लेला माणूस हा. पण ते शांतपणे म्हणाले, ‘काश्यप सांग. ज्याला गोत्र नाय, त्याला भटजी तेच लावतेत. जा, लोक खोळंबलेत.’

फोन ठेवून ते परत मेथीपाशी बसले. तुम्हाला हे कसं ठाऊक, मी विचारलं. मग त्यांनी काड्या खुडत खुडत सांगितलं. वाळूजच्या त्यांच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. जुना कामगार म्हणून दर वर्षी ह्यांनाच पाटावर बसवायचे. पहिल्या वर्षी ह्यांना गोत्र सांगता आलं नाही, तेव्हा भटजींनीच काश्यप लावलं. आडनाव ऐकून कुणाला शंका यायची नाही आणि ह्यांनीही कधी येऊ दिली नाही. मी सकाळी ज्या माणसाला डबा भरून द्यायचे, तो दिवसभर तिथं दुसराच कुणी म्हणून वावरत होता. मी मात्र वर्गात सातासमुद्रापलीकडच्या माणसांचं सांगत बसले होते. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. ह्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

‘पूजेला तर जोडीनं बसतात,’ मी म्हटलं. ‘मला कधी नेलं नाहीत.’

‘तू गप बसली नसतीस,’ ते म्हणाले. ‘माझ्या शेजारी तुझ्या जागी सुपारी मांडायचे.’