राहिलेलं फाटक, ठेवलेलं फाटक

मोंटानातल्या आर्डिथ ट्वेटच्या गुरांच्या रांचवर पाहुण्याला आधी कॉफी मिळे आणि मग नियम. फाटक सापडलं तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. यात तिने कुणाची गय केली नव्हती. पाद्रीबुवांनाही एकदा फाटक लावायला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं होतं.

त्या जूनमध्ये मात्र तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. तळ्याकाठची कुरणं जपायला तिला एका संस्थेशी करार करायचा होता. जमीन तिचीच राहणार, गाई तिच्याच, उद्या विकायची म्हटली तर विकताही येणार. फक्त तिथे बंगले बांधायचा हक्क कायमचा सोडून द्यायचा. मग पुढे मालक कुणीही येवो, कुरण ते कुरणच. कागद तयार होते. घोडं अडलं होतं लाइलपाशी. जमीन पुढे त्याचीच व्हायची, तेव्हा एकुलत्या एका मुलाच्या मनाविरुद्ध सही करायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

लाइल सिएटलहून आला तो वासरांना डाग द्यायला मदत करायची म्हणून, पण न्याहारीलाच विषय निघाला.

"आई, अख्खी जमीन बांधून नको टाकूस. काठावरचे चार तुकडे तरी मोकळे ठेव."

"घरं उठली की मोकळे होतात होय रे तुकडे?"

"तू नुसती शब्दात पकडतेस."

"मग तू उद्या वासरं पकड. बघू कुणाला जास्त जमतं."

लाइल फणकाऱ्याने तळ्याकाठी फिरून आला. येताना खालचं फाटक सताड उघडं दिसलं, ते त्याने साखळी घालून नीट लावलं. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं, असं वाटून स्वारी खूशही झाली.

दुपारी ऊन तापलं आणि शेजारच्या हास्क डनबारचा फोन आला.

"आर्डिथ, तुझ्या गाई सुट्टीवर गेल्यात. कुंपण पाडून तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांच्या हिरवळीवर बसल्यात. एक तर त्यांच्या स्विमिंग पूलचं पाणी पितेय."

आर्डिथने फोन ठेवला. "खालचं फाटक कुणी लावलं?"

"मी. उघडंच राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं. ठेवलं होतं. पाण्याला जायची तेवढीच वाट आहे त्यांना."

लाइलचा चेहरा पडला. तिला राग आला होता, पण हसूही आवरेना.

बंगले उभे होते ती जमीन एकेकाळी हास्कचीच, त्यानेच विकलेली. गाई हाकायला तोही येऊन थांबला होता. लाइल कळप काठाकाठाने वळवू लागला, तसा पांढऱ्या चड्डीतला एक गृहस्थ आडवा आला. माणूस अगदी सभ्य होता.

"माफ करा, तळ्यावर फक्त इथल्या रहिवाशांना जाता येतं. आपण कुणाकडे आलात?"

लाइल त्याच्यामागच्या सपाट खडकाकडे बघत राहिला. त्या खडकावरूनच हास्कने त्याला लहानपणी पाण्यात ढकललं होतं, पोहायला शिकवायला.

"हास्ककाका, हे काय विचारतायत?"

हास्कने टोपी मागे सरकवली. "मलाही विचारलं होतं. गेल्या उन्हाळ्यात."

लाइलने कळप मागे वळवला. गाई रस्त्याने फिरवून आणल्या. एकीच्या शिंगाला कुणाचा तरी फुलाफुलांचा टॉवेल अडकला होता. हास्क त्या टॉवेलला वाटभर सलाम ठोकत आला. खालचं फाटक लाइलने स्वतः उघडलं आणि गाई धावत पाण्याशी गेल्या. आर्डिथ कुंपणाला टेकून त्यांचं पिणं बघत होती.

"लावू का फाटक?" तिने मुद्दाम विचारलं.

"नको. ठेवलंय ते." लाइलने साखळी खांबाला अडकवून ठेवली. "आई, मला वाटायचं, आपलं कुरण आपोआप राहिलंय. आसपासचं सगळं गेलं, हेच तेवढं राहिलं."

"मग?"

"राहिलं नाहीये. तू आणि बाबांनी ठेवलंय. सही कर."

"आणि चार तुकडे?"

"एकही नको."

आर्डिथचे डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले. "बरं," ती म्हणाली, "मग आता त्या पूलवाल्यांची माफी मागून ये. जाताना टॉवेल घेऊन जा."