‘कोणाचंच नाही’ नावाची वही

दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवल्याबरोबर आधी पाण्याच्या भांड्यात डोकं घालणारा माणूस या दोन जिल्ह्यांत एकच जन्मला, आणि तो नेमका माझ्या नशिबी सहकारी म्हणून आला. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले हे फवारणीवाले भाऊ. मी तिथली औषधं देणारी बाई. माझं राज्य खिडकीच्या आत, त्यांचं खिडकीबाहेरच्या सगळ्या जंगलात. माझ्या घरी आले की राम राम नाही, काही नाही, सरळ कूलरची जाळी काढून आत टॉर्च मारायचे. “बाई, तुमच्या इथी त डासायचं बाळंतपन सुरू हाय!” मी म्हणायची, “भाऊ, बसा तरी.” बसायचे ते कूलर रिकामा करूनच. एका लग्नात नवरदेव मांडवात यायच्या आधी यांनी हात धुण्याच्या पाण्याची टाकी अळ्या दिसल्या म्हणून आडवी केली. नवरीचा बाप चवताळून आला, तर यांनी शांतपणे तळहातावर अळी घेऊन त्याला दाखवली आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत स्वतः विहिरीवरून पाणी ओढलं. असा हा माणूस जाताना एक वही मागे ठेवून गेला. ती कोणी घ्यायची यावरून आमचं चांगलंच वाजलं, तेच सांगते.

भाऊंचा खरा वैरी डास नव्हता, सारवण होतं. हिवतापाची फवारणी भिंतीवर टिकली तरच कामाची. पण आमच्याकडच्या बायांना ते पांढरे ओघळ म्हणजे घराला लागलेला डाग वाटतो. पथकाची पाठ वळली की माती-शेण कालवून भिंत पुन्हा साफसूफ, आणि औषध मातीखाली गडप. डॉक्टर म्हणणार, भिंत काही माझी पेशंट नाही. पथक म्हणणार, आम्ही मारलं, पुढचं आम्हाला काय ठाऊक. मग भाऊंनी हट्टच धरला. फवारणीच्या आठ दिवस आधी गावात जाऊन अंगणात ठाण मांडू लागले. “सारवाचं असन त आजच सारव, माय. मंग दोन-तीन महिने भिंतीले हात लावाचा नाई.” एक म्हातारी कडाडली, “आज? आन् तेंदूपत्ता तोडाले कोन जाईन, तू?” “तू जाय. मी सारवतो.” आणि खरंच सारवलं की हो! ती भिंत पाहायला शेजारणी जमल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. म्हातारी संध्याकाळी परतली आणि म्हणाली, “पाव्हने पाहतीन त म्हनतीन, म्हैस आंग घासून गेली.” पण तिने भाऊंचा शब्द राखला. फवारणीनंतर त्या भिंतीला कोणी बोट लावलं नाही.

अशातच वरून पत्र आलं, की आजार होऊ नये म्हणून जी कामं करायची ती नीट वाटून घ्या. आमचे डॉक्टर नवे, लातूरकडचे, मनाने अगदी सरळ. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. ‘दवाखाना’ म्हणजे लस, बीपी, शुगर, गरोदर बाईची तपासणी, जे एकेका माणसाचं. ‘गाव’ म्हणजे फवारणी, पाणी, मच्छरदाण्या, जे सगळ्यांचं. मला तर फारच आवडलं. निदान विहिरीत टाकायचं औषध मागायला माझ्या खिडकीत कोणी येणार नाही! तेवढ्यात मागून भाऊ उठले. “साहेब, गावातून दवाखान्यात येतानी जो मधातच राह्यते, तो कोनाचा?” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे कोण?” “ते मले बी नाई मालूम. म्हनून त इचारून राह्यलो.” सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी भाऊंनी शंभर पानी वही आणली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कोणाचंच नाही’.

पहिल्या पानावर नाव आलं ते नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या पोरीचं. सासरच्या गावाने ‘माहेरी गेली’ म्हणून यादीतून नाव खोडलेलं, आणि आमच्या यादीत ते कधी चढलंच नव्हतं. भाऊ गेले होते रांजण तपासायला, तर पोरगी भर उन्हात गोधडी पांघरून कुडकुडत बसलेली. बोटातून रक्त घेऊन जागेवरच पट्टीवर तपासलं, हिवताप! तिची माय म्हणाली, “उद्या बाजाराच्या गाडीनं नेतो.” “उद्या नाई. आत्ता.” रात्रीच्या पावसाने नाल्याला कमरेइतकं पाणी. भाऊंनी तीन गडी गोळा केले, पोरीला खाटेवर घातलं आणि चौथा खांदा स्वतः दिला. मी खिडकी बंद करत होते. “बाई, उघडा!” अशी हाक आली की माझ्या हातातल्या किल्ल्याच पडल्या. पोरगी वाचली, तिचं लेकरूही वाचलं. बारशाला गेलेल्या भाऊंनी पाळण्याआधी रांजण पाहिला, हे वेगळं सांगायला नकोच.

वही भरत गेली. बीपीची एक म्हातारी फक्त बाजाराच्या दिवशी गावात यायची आणि दवाखान्यातला बीपीचा वार नेमका दुसरा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रावर कंत्राटी कामाला गेलेला एक गडी फक्त सणाला घरी यायचा, खोकला घेऊन. निवृत्तीला महिना उरला तेव्हा भाऊंच्या जिवाला एकच घोर होता, यांना आता कोण पाहणार? त्यांच्या जागी आलेला कर्मचारी म्हणाला, हे माझ्या कामाच्या यादीत नाही. मग माझ्याकडे आले. मी फटकन म्हटलं, “भाऊ, माझं काम खिडकीच्या आत. मला गळ घालू नका.” “घेसान तुमी,” एवढंच म्हणाले. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेतला, भाषण केलं नाही, आणि जाताना वही माझ्या खिडकीत ठेवून चालते झाले. असा संताप आला! परत पाठवायची म्हणून उचलली, तर शेवटची नोंद दिसली. ‘औषधवाल्या बाई. मूळ वरोऱ्याच्या, म्हणून गावच्या यादीत नाहीत. दवाखान्यातच असतात, म्हणून दवाखान्याला दिसत नाहीत. दुपारी डोकं धरून बसतात. बीपी कोणी मोजला नाही.’

बावीस वर्षं लोकांना बीपीच्या गोळ्या दिल्या मी. सिस्टरने माझा बीपी मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा मोजला. त्या दिवशी मी खिडकीच्या आत बसून पोटभर रडले. वही परत गेली नाही.

भाऊ सिंदेवाहीला लेकीकडे राहायला गेले. दर महिन्याला, वहीत माझ्या नावापुढे बीपी मोजायची जी तारीख पडली होती त्या तारखेला, एसटीने यायचे, कूलर रिकामा करायचे आणि म्हणायचे, “हात द्या, बाई.” या महिन्यात आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, “काई नाई जी, थोडं हिव वाजून राह्यलं. होईन बरं.” नोकरीतून सुटले म्हणून आमच्या यादीत नाहीत, लेकीकडे नवे म्हणून तिथल्या यादीत नसणार. मी वही उघडली, माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं, रक्त तपासायचं सामान पिशवीत घातलं, आणि डॉक्टरांना सांगून भर दुपारी खिडकी बंद केली, आयुष्यात पहिल्यांदा.

लेकीने दार उघडलं. राम राम नाही, काही नाही, मी सरळ कूलरची जाळी काढून आत टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या. खाटेवरच्या गोधडीतून बारीक आवाज आला, “बाई, बसा त खरं.”

मी बसले नाही. आधी कूलर रिकामा केला, मग म्हटलं, “हात द्या, भाऊ.”